खोल बसता येत नाही? आधी घोटा मोजा

जिममध्ये नव्याने आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात ऐकू येतं, "अजून खाली जा." तो खाली जायला बघतो, तशा टाचा उचलल्या जातात, छाती पुढे पडते आणि कंबर खालून गोल होते. मग कुणीतरी सल्ला देतं, "हॅमस्ट्रिंग टाइट आहेत तुझे, स्ट्रेचिंग कर." पुढचा महिनाभर तो वाकून पायाचे अंगठे धरत राहतो आणि स्क्वाट, म्हणजे गुडघे वाकवून खाली बसून उठण्याचा व्यायाम, होता तिथेच राहतो.

याचं कारण साधं आहे. मांडीच्या मागचे हे स्नायू खुबा आणि गुडघा अशा दोन सांध्यांवरून जातात. खाली बसताना ते खुब्याकडून ताणले जातात, पण गुडघाही वाकत असल्यामुळे दुसऱ्या टोकाला तेवढेच सैल पडतात. त्यांची एकूण लांबी फारशी बदलत नाही, त्यामुळे स्क्वाटमध्ये ते क्वचितच आडवे येतात. खोल बसता येत नसेल तर पहिला संशय घोट्यावर घ्यावा, दुसरा खुब्यावर, आणि कोणताही ताण द्यायला सुरुवात करण्याआधी अर्धा तास निव्वळ तपासणीत घालवावा, असं माझं ठाम मत आहे.

आधी थांबायचं कुणी

गुडघा किंवा खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया झाली असेल, लिगामेंटची (सांध्यातली हाडं जोडणाऱ्या पट्ट्याची) दुखापत ताजी असेल, गुडघा मध्येच अडकत असेल किंवा सुजत असेल, कंबरेतून पायात मुंग्या किंवा बधिरपणा उतरत असेल, तर यातलं काहीही डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवल्याशिवाय करू नका. गरोदर स्त्रियांनीही आपल्या डॉक्टरांना विचारूनच पुढे जावं. बाकी सगळ्यांना लागेल ती फक्त एक भिंत, टेप, खडू आणि मोबाइल.

खाली बसताना काय होतं

टाच जमिनीवर ठेवून पूर्ण खाली बसायचं तर नडगी उभ्या रेषेपासून साधारण ३५ अंश किंवा त्याहून जास्त पुढे झुकावी लागते. आणि सगळा वेळ शरीराचं वजन तळपायाच्या मधोमध राहावं लागतं, नाहीतर माणूस मागे उताणा पडेल. घोटा अडला की नडगी उभीच राहते आणि बसायची जागा मागे जाते. मग तोल सांभाळायला धड पुढे झुकतं. तेवढ्यानेही भागलं नाही तर शरीर दुसरी वाट काढतं: टाच उचलते, तळपाय आतल्या बाजूला कलतो आणि त्याच्यामागे गुडघाही आत येतो, किंवा माकडहाड आत वळून कंबर गोल होते.

नुसत्या अंगाने बसताना यातलं काही झालं तरी बहुतेकांना त्रास होत नाही. प्रश्न येतो तो खांद्यावर रॉड घेतल्यावर. ४० किलो वजन आहे, सेटचे शेवटचे दोन रेप (उठबशा) उरलेत, पाय थकलेत, आणि जी हालचाल घोट्यात व्हायला हवी ती कंबर करते आहे. तिला त्या वजनाची त्या कोनात सवय नाही. उसण भरते ती अशा वेळी.

भाजी मंडईत टोपलीमागे बसलेल्या मावशींकडे एकदा नीट बघा. दोन्ही टाचा जमिनीला टेकलेल्या, कोपर गुडघ्यांवर, आणि हात मोकळे, मेथीच्या जुड्या बांधायला. लहानपणापासून रोज असं उकिडवं बसल्यामुळे त्यांच्या घोट्यांना ही जागा ओळखीची आहे. स्वयंपाक ओट्यावर गेला, जेवण टेबलावर आलं आणि संडासात कमोड बसला, तशी ज्यांची ही सवय सुटली त्यांना ती आता ठरवून परत आणावी लागते.

पायरी १: स्वतःला बघा

अनवाणी उभे राहा. मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर, बाजूने दिसाल असा ठेवा. पाय खांद्यांइतके रुंद आणि पावलं किंचित बाहेर वळलेली. हात समोर धरून सावकाश पाच स्क्वाट करा, जमेल तितके खाली. मग तेच समोरून.

व्हिडिओ हळू गतीने बघा. बाजूने बघताना टाच कधी उचलते आणि कंबर कुठल्या उंचीला गोल व्हायला लागते ते टिपा. कंबर अगदी तळाशी थोडीशी वळणं बहुतेकांत दिसतं, त्याची चिंता नको. मांडी जमिनीला समांतर होण्याच्या बऱ्याच आधी ती वळत असेल तर लक्ष द्यायला हवं. समोरून बघताना गुडघे आत येतात का आणि शरीर एका बाजूला सरकतं का, ते बघा. एका बाजूला सरकणं नव्यांच्या लक्षात येतच नाही, कारण करताना आपण सरळच बसतोय असं वाटतं.

पायरी २: कुठे अडतंय ते शोधा

आता त्याच स्क्वाटमध्ये एकेक गोष्ट बदलून बघायची.

पहिल्यांदा दोन्ही टाचांखाली २ सेंटिमीटर जाडीची फळी, जाड पुस्तकं किंवा जिममधल्या छोट्या प्लेट ठेवा आणि पुन्हा बसा. एकदम खाली जाता आलं आणि छातीही वर राहिली, तर अडचण घोट्यात आहे. टाच उचलल्यामुळे घोट्याला तितकं वाकावं लागलं नाही, एवढाच फरक पडला.

फरक पडला नाही तर दाराची चौकट किंवा खिडकीचा गज दोन्ही हातांनी धरून बसा. धरल्यावर टाचा टेकवून आरामात तळाशी जाता येत असेल तर सांधे मोकळे आहेत, कमी पडतंय ते बळ आणि तोल. अशा माणसाने स्ट्रेचिंगच्या मागे लागू नये. त्याने धरून बसायचा सराव करत हळूहळू आधार कमी करावा.

धरूनही जमलं नाही तर उताणे झोपा आणि दोन्ही गुडघे हातांनी छातीकडे ओढा, थोडे फाकवून. वजन अंगावर नसतानाही मांड्या पोटापर्यंत येत नसतील किंवा जांघेत चिमटा बसत असेल, तर खुब्याकडे बघायला हवं.

पायरी ३: भिंतीची चाचणी

ही चाचणी फिजिओथेरपिस्ट सर्रास वापरतात आणि घरी तितकीच चांगली करता येते. घाई करू नका, कारण पुढचं सगळं या आकड्यावर ठरणार आहे.

भिंतीकडे तोंड करून, तपासायचा पाय पुढे ठेवा. अंगठ्याचं टोक भिंतीपासून ५ सेंटिमीटरवर. पाऊल भिंतीला काटकोनात, बाहेर वळवायचं नाही. आता गुडघा पुढे नेऊन भिंतीला टेकवा, टाच न उचलता. गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत जायला हवा. तो अंगठ्याच्या आतून गेला तर मोजमाप फुगतं आणि खोटं ठरतं. टेकला की पाऊल १ सेंटिमीटर मागे घ्या आणि पुन्हा. असं करत करत जिथे टाच टेकलेली असताना गुडघा जेमतेम भिंतीला लागतो, तिथे अंगठ्याच्या टोकापाशी फरशीवर खडूने रेघ मारा आणि तिचं भिंतीपासूनचं अंतर टेपने मोजा.

टाच उचलली की नाही हे करणाऱ्याला कळत नाही. टाचेखाली कागदाचा कपटा ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी तो हलकेच ओढायला सांगा. सुटून आला तर टाच हलली आहे, ते अंतर धरायचं नाही.

दोन्ही पायांचे आकडे वहीत लिहा. १० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर बहुतेकांना स्क्वाटसाठी पुरतं, उंच माणसाला थोडं जास्त लागतं. ७-८ च्या आत असाल तर घोटा आखडलेला आहे असं समजायला हरकत नाही. १ सेंटिमीटर म्हणजे घोट्याचे सुमारे साडेतीन अंश, त्यामुळे २ सेंटिमीटर वाढले तरी स्क्वाटमध्ये चांगला फरक दिसतो. डाव्या-उजव्यात २ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर आठवून बघा, तो पाय कधीतरी जोरात मुरगळला होता का. पट्टी बांधून आठवडाभर काढला आणि विसरून गेलो, अशा जुन्या मुरगळीचा आखडलेपणा वर्षानुवर्षं राहू शकतो. स्क्वाटमध्ये एका बाजूला सरकणाऱ्यांमध्येही हा फरक आधी तपासावा.

आकड्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे शेवटच्या क्षणी कुठे जाणवतं. मागे पोटरीत ताण बसत असेल तर स्नायू अडवतोय. घोट्याच्या पुढच्या बाजूला दाटल्यासारखं किंवा चिमटल्यासारखं होत असेल तर अडथळा सांध्यात आहे, आणि तिथे पोटरी ताणून काही होणार नाही.

पायरी ४: खुबा आणि पायांतलं अंतर

सतरंजीवर रांगण्याच्या स्थितीत या, मोबाइल बाजूला. कंबर सपाट ठेवून हळूहळू मागे, टाचांकडे बसायला लागा आणि कंबर गोल व्हायला लागते तिथे थांबा. आता गुडघे थोडे आणखी फाकवून पुन्हा करा, मग आणखी फाकवून. ज्या रुंदीला सगळ्यात मागे जाता येतं, तीच उभ्या स्क्वाटची तुमची रुंदी धरून सुरुवात करा.

प्रत्येकाची रुंदी वेगळी येते. खुबा हा उखळीचा सांधा आहे. कुणाची उखळ खोल असते, कुणाची उथळ, कुणाची जास्त पुढे तोंड केलेली. मांडीच्या हाडाची मानही कमी-जास्त कोनात असते. ही हाडांची ठेवण आहे, स्ट्रेचिंगने ती बदलत नाही. म्हणून "पाय एवढेच रुंद आणि पावलं सरळ" असा एकच नियम सगळ्यांना लावणाऱ्या ट्रेनरचं या बाबतीत ऐकू नये. दोघे शेजारी शेजारी अगदी वेगवेगळे उभे राहून तितकेच चांगले स्क्वाट करू शकतात.

जांघेत पुढच्या बाजूला टोचल्यासारखं दुखत असेल तर तिथे जोर लावून खाली जायचं नाही. रुंदी आणि पावलांचं वळण बदलूनही ते राहिलं, तर दाखवून घ्या.

मोकळं करायला काय करायचं

घोट्यासाठी पहिला व्यायाम पोटरीचा, पण गुडघा वाकवून. भिंतीला हात लावून मागचा पाय सरळ ठेवतो, तो नेहमीचा ताण पोटरीच्या वरच्या स्नायूला बसतो. स्क्वाटमध्ये गुडघा वाकलेला असतो, त्यामुळे वरचा स्नायू सैल पडतो आणि त्याच्याखालचा, टाचेकडे जाणारा सोलियस अडवतो. त्याला गाठायचं तर तशाच उभं राहून मागचा गुडघा वाकवा, टाच दाबून ठेवा आणि वजन खाली सोडा. ताण पोटरीच्या खालच्या भागात, टाचेच्या शिरेजवळ जाणवेल. ३० सेकंद, प्रत्येक बाजूला तीन-चार वेळा.

त्याच्या जोडीला पाय एका पायरीवर किंवा बुटक्या स्टुलावर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा दुसऱ्या बोटावरून पुढे नेत राहा. दहा वेळा सावकाश, शेवटी दोन-तीन सेकंद थांबून. सवय झाली की गुडघ्यावर डंबेल टेकवा, वजनाने तो आणखी पुढे जातो.

तिसरा जिन्यातला. पायरीच्या कडेवर फक्त चवडे ठेवून वर उठा आणि तीन सेकंद मोजत टाचा पायरीच्या खाली जाऊ द्या. आधाराला कठडा धरा. दहाचे दोन सेट. नुसतं ताणून मिळालेली हालचाल अंगात मुरायला त्या टोकाला बळही यावं लागतं, आणि ते काम हा व्यायाम करतो. तिन्हींतला एकच करायला वेळ असेल तर हाच करा.

घोट्याच्या पुढे चिमटा बसणाऱ्यांनी जाड रबरी बँड वापरावा. तो मागे भक्कम खांबाला बांधा आणि त्याचा फेरा घोट्याच्या हाडांच्या किंचित खाली, पावलाच्या वरच्या वळणात बसवा. हाडांच्या वर बसला तर उपयोग होत नाही. बँड मागे ओढत असताना गुडघा पुढे न्या, दहा-बारा वेळा. लगेच भिंतीची चाचणी पुन्हा करा. अर्धा-एक सेंटिमीटर वाढलं तर हे तुमच्या कामाचं आहे, काहीच हललं नाही तर त्यात वेळ घालवू नका.

खुब्यासाठी मी फार यादी देत नाही. पायरी ४ मधलं मागे-पुढे झुलणं रोज वीस वेळा, आणि जमिनीवर दोन्ही गुडघे काटकोनात वाकवून, एक पुढे एक बाजूला असं बसून, पुढच्या नडगीवर छातीने झुकणं, प्रत्येक बाजूला ३० सेकंद दोनदा. एवढ्यावर बहुतेकांचं काम होतं.

उकिडवं बसणं परत आणा

वरच्या व्यायामांनी मोकळी केलेली जागा रोज वापरली नाही तर ती पुन्हा आखडते. म्हणून दिवसातून थोडा वेळ उकिडवं बसा. सुरुवातीला खांब किंवा चौकट धरून, गरज असेल तर टाचांखाली गुंडाळलेली चटई घेऊन, ३० सेकंद. कोपर गुडघ्यांच्या आतल्या बाजूला ठेवून गुडघे हलकेच बाहेर ढकला, श्वास चालू ठेवा. काही आठवड्यांत तुकड्या-तुकड्यांनी दिवसाची दोन-तीन मिनिटं भरली तरी पुष्कळ.

तासन्‌तास बसण्यात फायदा नाही. कामासाठी रोज दीर्घकाळ उकिडवं बसणाऱ्यांमध्ये गुडघ्याची झीज जास्त आढळते. शिवाय गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारी नस या स्थितीत दाबली जाते. पावलाच्या वरच्या भागात मुंग्या आल्या की लगेच उठा. ती नस फार वेळ दाबली गेली तर पाऊल उचलणं जड जाऊ शकतं.

तालमीतल्या बैठका करणारे इथे विचारतील की आमच्या तर टाचा प्रत्येक बैठकीला उचलतात, ते चूक का? मुळीच नाही. ती बैठक चवड्यांवर येऊनच करायची असते, हातांच्या झोक्यासकट, आणि वजन फक्त स्वतःच्या अंगाचं असतं. तिथे उचललेली टाच पद्धतीचाच भाग आहे. खांद्यावर रॉड घेऊन करायच्या स्क्वाटमध्ये मात्र टाच टेकलेली हवी, कारण चवड्यांवर उभं राहून वजन सांभाळताना तोल जायला वेळ लागत नाही.

वजन कधी आणि किती

नियम एकच ठेवा: टाच टेकलेली, कंबर सपाट, गुडघे बोटांच्या रेषेत असं जिथपर्यंत जाता येतं, ती आजची खोली. वजन तेवढ्याच खोलीपर्यंत. मागे स्टूल ठेवा, त्याला हलकेच टेकून वर या. दोन आठवड्यांनी त्याहून बुटकं काहीतरी घ्या, मग त्याहून बुटकं.

सुरुवात छातीशी धरलेल्या एका डंबेलने करा, ५ ते १० किलो पुरे. पुढचं वजन तोल राखायला मदत करतं आणि कित्येकांना रिकाम्या हातांपेक्षा डंबेल धरून जास्त खाली जाता येतं. रॉड त्यानंतर. घोट्याचं काम चालू असेपर्यंत टाचांखाली छोट्या प्लेट ठेवून स्क्वाट केलात तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. वेटलिफ्टर लोकांच्या बुटांची टाच साधारण २ सेंटिमीटर उंच असते ती याच कारणासाठी.

गुडघा पायाच्या बोटांपुढे गेला की खराब होतो, हे अजूनही सांगितलं जातं. स्क्वाटची भीती मुळात १९६१ च्या सुमारास अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातल्या कार्ल क्लाइन यांच्या अभ्यासाने पसरवली. खोल बसण्याने गुडघ्याचे लिगामेंट सैल होतात असा त्यांचा निष्कर्ष होता, पण पुढच्या संशोधनांत तो टिकला नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गुडघ्यांपुढे फळी उभी करून त्यांना बोटांपुढे जाऊच दिलं नाही. गुडघ्यावरचा जोर सुमारे पाचव्या भागाने कमी झाला खरा, पण खुब्यावरचा जवळजवळ दहा पटींनी वाढला आणि धड पुढे झुकलं. खोल बसायचं असेल तर गुडघा पुढे जाणारच. आधीच दुखरा गुडघा असलेल्यांनी मात्र तो किती पुढे न्यायचा हे आपल्या फिजिओथेरपिस्टबरोबर ठरवावं.

दुखण्याचं गणित असं ठेवा. व्यायाम करताना ताण, दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येणं, हे चालतं. सांध्यात टोचणं, चमक निघणं, दुसऱ्या दिवशी सूज किंवा जास्त दुखणं, हे झालं तर वजन आणि खोली दोन्ही कमी करा. दोन आठवड्यांत उतरलं नाही तर दाखवा. एकाच पोटरीत अचानक दुखून सूज आणि गरमपणा आला तर व्यायाम बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, तिथे रक्ताची गुठळी नाही ना हे आधी बघावं लागतं.

घोट्याचे व्यायाम आठवड्यातून पाच दिवस, दहा मिनिटं. वजनाचे स्क्वाट दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून. दर दोन आठवड्यांनी त्याच भिंतीसमोर, त्याच वेळी, अंग गरम न करता मोजा आणि वहीत लिहा. अंग गरम झाल्यावर आकडा नेहमीच मोठा येतो आणि फसवतो. सहा आठवडे नेमाने करूनही आकडा जागचा हलला नाही आणि चिमटा अजूनही घोट्याच्या पुढेच बसत असेल, तर हाडाला हाड टेकत असण्याची शक्यता आहे. एकदा तपासून घ्या. तसं असेल तर टाच उंच असलेला बूट किंवा टाचेखालची फळी कायमची ठेवा आणि तशाच स्क्वाटमध्ये वजन वाढवत जा.